गुडघ्याचे पॉइंट

प्लास्टर काढलं त्या सोमवारी भिंगरीचा उजवा गुडघा पंचावन्न अंश वाकत होता. फिजिओ बाईंनी दोन दांड्यांचं प्लास्टिकचं कोनमापक त्याला लावलं, आकडा कार्डावर लिहिला आणि तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सहा आठवड्यांत नव्वदच्या आसपास यायला हवा. नाही आला तर हाडांचे डॉक्टर भूल देऊन वाकवतील. झोपवून, जोर लावून. ती वेळ आपण येऊ द्यायची नाही."

'भूल' या शब्दापाशी माझं ऐकणं थांबलं. व्यायाम कसा करायचा हे त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

भिंगरी ही माझी सहा वर्षांची मुलगी. शाळेत तिचं नाव वेगळं आहे, पण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरली नाही, म्हणून तिच्या बाबाने ठेवलेलं हे नाव चिकटलं. बागेच्या कठड्यावरून पडली तेव्हा मी दहा पावलांवर उभी होते. फोनवर नव्हते, गप्पा मारत नव्हते. तिच्याकडेच बघत होते. लोक म्हणतात, मुलांवर लक्ष ठेवावं. मी ठेवलं होतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पडली.

व्यायाम साधाच होता. जमिनीवर पाय पसरून बसायचं, टाचेखाली टॉवेल घ्यायचा, त्याची दोन टोकं हातात धरून टाच हळूहळू आपल्याकडे ओढायची. दहा वेळा. असं दिवसातून तीनदा. पहिल्या आठवड्यात भिंगरी टॉवेल बघितला की पलंगाखाली शिरायची. चौथ्या ओढीला रडणं, सहाव्याला "आई, तू वाईट आहेस", आणि दहावी मी स्वतःच तिच्या पायाला हात लावून उरकायची. आठवड्याच्या शेवटी अठ्ठावन्न. तीन अंश. मी एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. नमुना, वेळ, वाचन, सही, यात माझा दिवस जातो. मी घरासाठी वेगळं कोनमापक आणलं होतं आणि रोज दोनदा मोजत होते. तीन भागिले सात. या चालीने सहा आठवड्यांत किती होतील हे गणित मी आंघोळ करतानासुद्धा सोडवत असायचे.

शनिवारी दुपारी ताई आली. ताई म्हणजे भिंगरीची आत्या, माझी मोठी नणंद. पुस्तकं बांधायचं काम करते, बोटांना कायम खळ लागलेली. ती दर शनिवारी जेवणाच्या टेबलावर आपली जाड वही उघडते आणि भिंगरी आणि तिचा बाबा खेळायला बसतात. पट नाही, सोंगट्या नाहीत. वीस बाजूंचा एक फासा आणि ताईचं बोलणं. ती सांगते, तुमच्यासमोर दरी आहे. हे सांगतात, आम्ही काय करतो. मग फासा ठरवतो, जमलं की फसलं. प्रत्येकाचं एक सोंग. याचं सोंग एका बहिऱ्या लोहाराचं. भिंगरीचं 'वाटाडी', रानातल्या वाटा दाखवणारी. जे जे कराल त्याचे पॉइंट, पॉइंट साठले की लेव्हल, लेव्हल वाढली की उडी लांब जाते, कुलपं उघडतात, कान तिखट होतात. वाटाडी तिसऱ्या लेव्हलवर होती.

मी खेळत नाही. मी स्वयंपाकघरातून ऐकते.

त्या शनिवारी त्यांचा झुलता पूल तुटला. भिंगरीने फासा टाकला, दोन पडले. लोहार आणि वाटाडी अलीकडे राहिले, आणि त्यांची सामान वाहणारी बकरी पलीकडे.

"आता उडी मारून जाते," भिंगरी म्हणाली.

"एवढी मोठी उडी पाचव्या लेव्हलशिवाय नाही," ताई म्हणाली.

"पाचवी कधी?"

"दीड हजार पॉइंटला. तुझे झालेत दोनशे चाळीस."

मला ऐकू आलं ते एवढंच. पण दिसलं ते वेगळं. दहा ओढींना घर डोक्यावर घेणारी पोरगी दोन तास खुर्चीत बसून होती. पाय लोंबकळत, आपोआप वाकलेला, आणि तिकडे तिचं लक्षही नव्हतं. ती बोटांवर बेरजा करत होती.

ताई निघताना मी तिला जिन्यात गाठलं.

"ताई, व्यायामाचे पॉइंट द्याल का तिला? खेळातले?"

"पॉइंट टेबलावर मिळतात गं, वहिनी. तिथे जे करून बघितलं त्याचे. फसलं तरी मिळतात."

"मग टेबलाखाली पाय वाकवते त्याचे का नाही? तो काय कमी पराक्रम आहे?"

ती थोडा वेळ पिशवीचा बंद पिळत राहिली. "ठीक आहे. पण दिवसाला इतकेच, अशी वरची मर्यादा लिही. विसरू नकोस. तुझ्या नवऱ्याला विचार उंदरांचं."

उंदरांचं मला पाठ आहे. हा दहा वर्षांचा असताना ताईने त्याच्यासाठी पहिला खेळ रचला. त्यात एक तळघर होतं, तळघरात उंदीर. एक उंदीर मारला की एक पॉइंट. राक्षसाकडे जायचं सोडून हा अख्खी सुट्टी तळघरात उंदीर मारत बसला. रोज साठ-सत्तर. सुट्टी संपता संपता वर आला तो नवव्या लेव्हलचा होऊन, आणि राक्षस एका फटक्यात आडवा. खेळ खलास. ताई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. हा अजून ती गोष्ट शौर्यकथेसारखी सांगतो.

"ताई, उंदीर वेगळे," मी हसत म्हटलं. "सांगितल्यापेक्षा जास्त व्यायाम जगात कोण करतं?"

ती हसली नाही, पण हो म्हणाली.

रविवारी मी फ्रीजवर कागद लावला. दिवसाला तीन चौकोन, एका चौकोनात दहा ओढी, चौकोन भरला की पाच पॉइंट. रंगवायचा तिनेच. खाली मर्यादा वगैरे काही लिहिलं नाही. ते लिहिणं मला 'पाण्यात बुडू नये म्हणून आंघोळ बेतानं करा' असं लिहिण्यासारखं वाटलं.

आमच्या घराचं घड्याळ असं: भिंगरीचा बाबा रस्ते झाडणारी मोठी गाडी चालवतो, पहाटे जातो. मी बाराला निघते. आम्ही दारात एकमेकांना भेटतो, तो आत, मी बाहेर. "जेवली. दोन चौकोन झाले. तिसरा चारला." एवढा निरोप. मग तो तिच्याशी खेळतो आणि दोन ते चार गाढ झोपतो. त्याची झोप म्हणजे झोप. शेजारी भिंत पाडत होते तेव्हाही तो उठला नव्हता.

प्लास्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी गुडघा सत्तर. मी बाईंसमोर रडायचीच बाकी होते. टॉवेल आता भिंगरी स्वतः आणायची. दात आवळून ओढायची, मोजायची, आणि निळा खडू घ्यायला लंगडत धावायची.

नंतरच्या गुरुवारी कामावरून आले तर फ्रीजवरच्या कागदावर तीनाच्या ऐवजी पाच चौकोन. जास्तीचे दोन तिने पट्टी लावून काढले होते, माझ्यापेक्षा सरळ.

"हे काय?"

"अजून केले."

"दुखलं नाही?"

"थोडंसं. वाटाडीला पण दुखतं, पण ती सांगत नाही."

मी काय करायला हवं होतं ते आज मला चांगलं ठाऊक आहे. मी तिला उचलून घेतलं. गालाचे मुके घेतले. याला उठवून दाखवलं. "बघ तुझी मुलगी." तो डोळे चोळत कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "रक्त माझं आहे. हिने तळघर शोधलं." आम्ही दोघं हसलो. मी मोजलं, अठ्ठ्याहत्तर.

शनिवारी चौकोनांची बेरीज मी चिठ्ठीवर लिहून ताईला दिली. तिने चष्मा कपाळावर सरकवला. "इतके?"

"मेहनती आहे."

सोमवारी एक्याऐंशी. फिजिओ बाईंनी कोनमापक पुन्हा लावून बघितलं. "वा! सांगितलं तेवढंच करताय ना?"

"हो, तेवढंच."

जीभ जराही अडखळली नाही. मला वाटलं, खरं सांगितलं तर बाई थांबवतील आणि आकडा तिथेच बसून राहील. नव्वद नऊ अंशांवर होतं. खुर्चीत बसलेल्या भिंगरीने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे.  शहाणी आहे.

त्या आठवड्यात फ्रीजवर सात, आठ, एकदा दहा चौकोन. आणि आकडा उतरायला लागला. मंगळवारी अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, मोजण्यात चूक. बुधवारी पुन्हा अठ्ठ्याहत्तर, गुरुवारी त्र्याहत्तर. मी कोनमापक टेबलाच्या काटकोनाला लावून तपासलं. ते बरोबर होतं, नेमकं नव्वद. गुडघ्याला हात लावला तर तो डाव्यापेक्षा कोमट वाटला. पण दुपारी ती उन्हाच्या बाजूला बसते, त्यामुळे असेल. माणसाला हवं ते कारण सापडतंच.

आणि मग मी जे बोलले ते लिहायला मला चार वेळा पेन खाली ठेवावं लागलं. मी म्हणाले, "भिंगरी, थोडं मागे पडलंय बघ. उद्या दोन चौकोन जास्त करूया का?"

ती "हो" म्हणाली. लगेच म्हणाली.

चौथ्या सोमवारी गुडघा चौसष्ट. फिजिओ बाईंनी अंगठ्याने वाटीच्या बाजूला दाबलं, भिंगरीने ओठ आत घेतले. बाईंनी हाडांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय इकडून तिकडून बघितला आणि हवामान सांगावं तसं सांगितलं, "काही सांधे ऐकत नाहीत. दोन आठवडे बघू. तारीख मात्र आत्ताच धरून ठेवा, नंतर मिळत नाही."

तारीख कार्डावर लाल शाईत पडली. खोलीत आम्ही चौघं होतो आणि त्यातल्या दोघींना माहीत होतं की सांधा ऐकत नाही असं नाही, तो फार ऐकतोय. मी पर्सची चेन उघडली, लावली, उघडली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाईंचं लक्ष गेलं. "काही विचारायचंय?"

"नाही," मी म्हटलं.

घरी येताना भिंगरीने विचारलं, "भूल दिली की माणूस परत कधी उठतो?"

"लगेच उठतो."

"शनिवारी खेळायला येतं?"

मंगळवारी मी दर वेळेपेक्षा दुप्पट नमुने तपासले आणि दोन चुकीच्या बाटल्यांवर सही केली. बुधवारी दुपारी प्रयोगशाळेतली वीज गेली, सगळ्यांना घरी सोडलं. मी तीनला दार उघडलं. आतल्या खोलीतून घोरणं ऐकू येत होतं. बाहेरच्या खोलीत भिंगरी सोफ्याला पाठ लावून जमिनीवर बसली होती, टॉवेलची टोकं दोन्ही मुठींना गुंडाळलेली. केस कपाळाला चिकटले होते. टाच ओढत होती, सोडत होती, आणि पुटपुटत होती, "सात... आठ..." रडत नव्हती. 

तिच्याजवळ कागद होता. फ्रीजवरचा नाही, दुसराच. पट्टीने आखलेला, दोन्ही बाजूंनी निळा. त्या दिवसाच्या रांगेत मी चौकोन मोजले. एक्केचाळीस.

"हे कधीपासून?"

तिने कागद पोटाशी धरला. "शनिवारी एकदम द्यायचे होते. गंमत होती. तू आधीच का आलीस?"

"भिंगरी, चारशेदहा वेळा? पाय बघ कसा झालाय! कशाला? बाईंनी तीनच सांगितले होते ना?"

"तीनने पाचवी लेव्हल कधी येणार? बाबाने हिशोब केला, मोठी सुट्टी लागेल तेव्हा. तोपर्यंत बकरी मरेल ना!"

"कुठली बकरी?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला माझं अख्खं शिक्षण फुकट गेल्यासारखं वाटलं. "आमची. पलीकडे राहिली ती. तिला तीन आठवडे कोणी खायला नाही दिलंय. माझे दोन पडले म्हणून."

मग ती रडली. गुडघ्यासाठी नाही. त्या आवाजाने मात्र हा उठला, आणि दारात उभा राहून एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. तळघराचा विनोद त्या दिवशी कोणी केला नाही.

तासाभरात आम्ही बाईंकडे होतो, वेळ न घेता. मी सगळं सांगितलं. चौकोन, पॉइंट, पाच, सात, दहा, 'दोन जास्त करूया', आणि "हो, तेवढंच" हेसुद्धा. बाईंच्या पुढे दुसरा पेशंट पालथा झोपलेला होता, तोही ऐकत असणार.

"अहो, मी ज्योतिषी आहे का?" बाई म्हणाल्या. "तुम्ही सांगाल त्यावर मी ठरवणार. सुजलेला सांधा वाकत नाही. तो वाकत नाही म्हणून तुम्ही आणखी ओढणार. आणखी ओढला की आणखी सुजणार. परवा डॉक्टर तारीख देत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का?"

मी मान खाली घातली. भिंगरी म्हणाली, "आईला नका रागावू. चौकोन मी काढले."

"तुझी पाळी नंतर," बाई तिला म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. आठ दिवस काहीच नाही. बर्फ, उशी, आराम. मग दिवसाला तीनदा दहा, एकही जास्त नाही. तारीख रद्द करायची की नाही ते सहाव्या आठवड्याचा आकडा बघून. "आणि ते घरचं कोनमापक मला आणून द्या."

आठ दिवस! ज्या कामात काही करायचं नसतं ते मला कुणी शिकवलं नाही. दिवसातून चारदा बर्फ लावायचा, वीस मिनिटं, आणि मधल्या वेळात मी घरभर नुसती फिरायची. कपाटं आवरली. आवरलेली पुन्हा आवरली. कोनमापक देऊन आल्यावर एकदा मी भिंगरीच्या भूमितीच्या खेळण्यातला काटकोनी त्रिकोण उचलला आणि याने तो माझ्या हातातून काढून घेतला. 

शनिवारी ताई आली. मी टेबलापाशी उभी राहून तिला सांगितलं आणि म्हटलं, "हे पॉइंट खोडून टाका, ताई. सगळे. तिला कळायला हवं."

भिंगरीने वही दोन्ही हातांनी झाकली.

"दिलेले पॉइंट मी परत घेत नाही," ताई म्हणाली. "घाम तिने गाळलाय. चूक असेल तर देणाऱ्यांची. मर्यादा सांगितली होती मी तुला. आणि तू चिठ्ठी आणलीस तेव्हा मला शंका आली होती. तरी लिहून घेतले मी. म्हटलं, घरातल्या भानगडीत आत्याने का पडावं." तिने दोन्ही कागद घेतले आणि बेरीज केली, बोट ओठाला लावत, एकेक रांग. "एक हजार पाचशे पासष्ट. गुंड्या, बघ रे बरोबर आहे का."

गुंड्या म्हणजे माझा नवरा. त्याने बघितलं. बरोबर होतं.

"वाटाडी पाचव्या लेव्हलवर," ताई म्हणाली.

भिंगरी ओरडली नाही. तिने फासा उचलला, मुठीत घोळवला आणि टाकला. अकरा. पाचव्या लेव्हलचे वरचे पाच मिळवून सोळा. वाटाडी दरीवरून गेली.

"बकरी कुठे आहे? जिवंत आहे?"

"आहे की," ताई सहज म्हणाली. "तिकडे मोठं कुरण आहे. गवत गुडघ्याएवढं. खाऊन खाऊन गोल झालीये."

 भिंगरीचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"तिकडे गवत होतं?"

"पहिल्यापासून. वहीत लिहिलंय, हे बघ."

"मग सांगितलं का नाहीस!"

"तू विचारलंच नाहीस, राणी. नुसतं विचारलं असतंस, 'पलीकडे काय दिसतं?' त्याला लेव्हल लागत नाही. तू दर शनिवारी उडीचंच विचारायचीस. मला काय माहीत तू बकरीच्या काळजीत..." ताई बोलता बोलता थांबली. चष्मा काढला. खळ लागलेल्या बोटांनी डोळे पुसल्यामुळे ते आणखी झोंबले असणार.

"मला नाही खेळायचं," भिंगरी म्हणाली, आणि एका पायावर उड्या मारत आत गेली.

आठ दिवसांनी सूज उतरली, आणि खरा घोळ सुरू झाला. मी टॉवेल आणला. भिंगरी टॉवेलकडे बघत म्हणाली, "किती?"

"दहा."

"पॉइंट किती?"

"पॉइंट नाहीत आता."

"मग मी नाही करणार. फुकट कोण करतं?"

समजावलं. रागावले. गोष्टी सांगितल्या. गोळी-चॉकलेट मी हातात घेऊन परत ठेवलं, कारण तेही निळे चौकोनच. याने सांगून बघितलं, "अगं, पाय तुझाच ना?" ती म्हणाली, "असू दे." एक दिवस दहा झाल्या, दोन दिवस चार, एक दिवस शून्य. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आणि मोजायला माझ्या हातात काहीच नाही. नुसतं डोळ्यांनी बघायचं, आज कालपेक्षा जास्त वाकला का. डोळे मला हवं ते दाखवतात, हे आता मला माहीत होतं, त्यामुळे त्यांच्यावरही भरवसा नाही. तारखेच्या आदल्या दिवशी मी तिची इस्पितळाची पिशवी भरली, तिला कळू नये म्हणून माझ्या कपड्यांखाली लपवून.

सहाव्या आठवड्याचा सोमवार. फिजिओ बाईंनी कोनमापक लावलं. मी भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्राकडे बघत उभी राहिले. मानेपासून सुरुवात करून मणके मोजत गेले. एकोणिसाव्या मणक्यापाशी बाई म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी."

नव्वद नाही.  डॉक्टर आले, त्यांनी दाबून बघितलं, वाकवून बघितलं, भिंगरीला दोनदा उठबस करायला लावलं. "सूज नाही. चढतीला लागलाय. आता हिला झोपवण्यात अर्थ नाही." त्यांनी लाल तारखेवर आडवी रेघ मारली. "तीन आठवड्यांनी या. मात्र हालचाल थांबता कामा नये. थांबला की पुन्हा आखडेल. मग मी पुन्हा तारीख देईन."

मी आभार मानले का ते आठवत नाही. दाराबाहेर आल्यावर आठवलं की मोठा श्वास घ्यायला हरकत नाही. घेतला. तो अर्ध्यातच अडकला, कारण 'थांबला की' हे मधेच होतं. तीन आठवडे, पॉइंट नाहीत, आणि ही बया फुकट काही करत नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर. लिफ्टपाशी चाकाच्या खुर्च्यांची रांग होती. मी भिंगरीला उचलायला वाकले, जिना उतरून जावं म्हणून. सहा आठवडे तशीच नेत-आणत होते.

"मी उतरते," ती म्हणाली आणि कठडा धरला.

पहिली पायरी डाव्या पायाने. दुसरी उजव्याने. गुडघा वाकला, थरथरला, पण पाय पडला. मी एक पायरी पुढे, उलटी, दोन्ही हात पसरून. खालून एक बाई मोठी फाईल घेऊन वर येत होत्या, त्या आम्हाला बघून भिंतीला टेकून थांबल्या.

चौथ्या पायरीवर भिंगरी थांबली.

"आई, या पायऱ्यांचे किती?"

मला खोटं बोलता आलं असतं. दहा म्हटलं असतं तर ती धावत उतरली असती.

"काहीच नाही."

"एक पण नाही?"

"एक पण नाही."

तिने खाली बघितलं. खूप पायऱ्या होत्या. मग कठडा सोडून चक्क पायरीवर बसली. फाईलवाल्या बाई तशाच भिंतीला टेकून उभ्या. माझ्या मनात तीन आठवडे, लाल शाई, टॉवेल, सगळं एकदम फिरलं.

"मग उतरायचं कशाला?" ती म्हणाली. भांडत नव्हती. खरंच विचारत होती.

 इतक्या आठवड्यांपासून तयार करून ठेवलेली सगळी उत्तरं मोठी होती.

"घरी जायचंय म्हणून," मी म्हटलं.

तिने कठड्याच्या लोखंडावरून बोट फिरवलं. मग कठडा धरून उठायला लागली, आधी डावा पाय, मग उजवा.

"हां," ती म्हणाली. "पण तू हात लावायचा नाहीस. आणि अशी उलटी चालू नकोस, तू पडशील."

मी सरळ झाले. पाठ तिच्याकडे केली आणि खाली उतरू लागले. मागून तिचा पाय पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. फाईलवाल्या बाईंना तिने वाट करून दिली ते मला नुसतं ऐकू आलं.